जाईबाईंची शाळा

शाळेचा पट घटला की आपण गुरुजींना बोल लावतो. मला मात्र अशा वेळी जाईबाई चौधरी आठवतात.

त्यांचा जन्म १८९२ साली उमरेडला, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजात झाला. नवव्या वर्षी लग्न झाले. पोटासाठी त्यांनी नागपूर-कामठीला डोक्यावर ओझी वाहिली. ग्रेगरी नावाच्या मिशनच्या बाईंनी त्यांना लिहिणे-वाचणे शिकवले, शिक्षिकेची नोकरीही मिळवून दिली. पण बाईंची जात कळताच पालकांनी आपली मुले शाळेतून काढली आणि जाईबाईंची नोकरी सुटली. तरी त्या खचल्या नाहीत. १९२२ साली नागपुरात त्यांनी मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली.

आज आपल्या भागात जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट कमी होत आहे. तेव्हा बाईंची जात पाहून मुले काढली, आता आपण टाय-बूट आणि इंग्रजी पाटी पाहून काढतो. मीही धाकट्याला असाच काढला. आत काय शिकवतात, ते पाहायलासुद्धा गेले नाही, याची खंत वाटते.

शाळा कोणीही उघडो, तिचा पट आयाच भरतात. यंदा नाव घालण्याआधी आपण सगळ्या मिळून एकदा गावच्या शाळेत जाऊन बसू या.