रावबहादूर लोखंडे आणि आमचा रविवार

रविवारची सुट्टी ही उन्हाळ्या-पावसाळ्यासारखी आपोआप येणारी गोष्ट आहे, असे मी परवापर्यंत समजत होतो. ती कुणीतरी मागून, भांडून घेतली, हे कॉलेजच्या ग्रंथालयात बसल्यावर कळले. तो माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

जन्म १८४८ चा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे त्यांनी जे पाहिले, ते वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, मध्ये धड विश्रांती नाही, यंत्रात हात गेला तर भरपाई नाही. कामावर घेणारा जॉबर आणि काढणाराही तोच. पगार उशिरा होई, त्यामुळे काढलेल्या माणसाची मजुरीही अडकून पडे.

माझे वडील एका कारखान्यात नऊ वर्षे होते. एके सकाळी पहारेकऱ्याने त्यांना दारातच सांगितले, उद्यापासून येऊ नका. ना पत्र, ना नोटीस. पंधरा दिवसांची मजुरीही राहिली. त्या दिवशी आई कुणाशीच बोलली नाही. म्हणून लोखंड्यांची मागणी मला जुनी वाटत नाही.

जोतीराव फुल्यांचे हे अनुयायी. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ १८८० साली त्यांनी मुंबईत चालवायला घेतले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. आठवड्यास एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि जखमी कामगारास मदत, एवढेच मागणे होते. मालकांनी दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार जमले; दोन स्त्री कामगारही बोलल्या. (त्यांची नावे माझ्या वाचण्यात आली नाहीत, याची मला हळहळ वाटते.) अखेर १० जून १८९० ला मालकांच्या संघाने रविवार मान्य केला.

या असोसिएशनला ना वर्गणी होती, ना नियम, म्हणून ती खरी युनियनच नव्हे, असे काही अभ्यासक म्हणतात. असेल तसे. पण वर्गणी द्यायला त्या माणसांच्या हाती पैसा वेळेवर येत होता कुठे?

१८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. नोकरीवरून काढण्याचा प्रश्न तर त्याहून लांब राहिला. औद्योगिक विवादांचा कायदा १९४७ चा, आणि युनियन पाठीशी नसलेल्या एकट्या कामगाराच्या बडतर्फीलाही विवाद मानणारी दुरुस्ती १९६५ ची.

१८९५ मध्ये ते रावबहादूर झाले. पुढे मुंबईत प्लेग आला, तेव्हा ते रोग्यांसाठी धडपडत राहिले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले.

वडिलांचा अर्ज कामगार कार्यालयासाठी मी लिहिला आहे. हजेरीची जुनी कार्डे आईने ट्रंकेत जपून ठेवली होती, तीही जोडली आहेत. सही करताना वडिलांनी पेन दोनदा खाली ठेवले.