भीमबेटकाचे हरिभाऊ : डॉ. वि. श्री. वाकणकर

माळव्याच्या मराठी समाजाला ज्यांचा अभिमान वाटावा, अशा माणसांत उज्जैनचे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांचे नाव फार वरचे आहे. जवळची मंडळी त्यांना हरिभाऊ म्हणत. ४ मे १९१९ रोजी नीमच येथे त्यांचा जन्म झाला.

हरिभाऊ मुळात चित्रकार. उज्जैनला त्यांनी भारती कला भवन सुरू केले. पुरातत्त्वाकडेही ते चित्रांच्याच वाटेने गेले. १९५७ मध्ये भोपाळ-इटारसी मार्गावर रेल्वेने जाताना विंध्याच्या माथ्यावरचे भव्य खडक त्यांना खिडकीतून दिसले. जंगलातून वाट काढत ते तिथे पोहोचले, आणि भीमबेटकाची चित्रे जगासमोर आली. गवे, हरणे, हत्ती, शिकारी, फेर धरून नाचणारी माणसे. गेरूच्या लाल आणि पांढऱ्या रंगात, हजारो वर्षांपूर्वी रंगवलेली. तिथे सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. त्यांतल्या चारशेहून अधिक ठिकाणी चित्रे आहेत.

ही चित्रे टिकली ती खडकाच्या छज्जामुळे. पण दगडात मुरलेले पावसाचे पाणी आतले क्षार बाहेर आणते आणि चित्रांवर पांढरा थर चढतो. ओलीवर दगडफूल व शेवाळ वाढते, गांधीलमाश्या मातीची घरटी बांधतात. त्यात माणसाची भर : आडोशाला पेटवलेल्या चुलीचा धूर, भिंतीवर कोरलेली नावे, रंग उठून दिसावा म्हणून मारलेले पाणी. पुसट झालेले चित्र पुन्हा रंगवता येत नाही. रंगवले तर ते त्या माणसाचे राहत नाही.

म्हणूनच हरिभाऊंच्या कामाचे मोल मोठे. कुंपण नव्हते, पहारेकरी नव्हता, त्या काळात ते भारतभरच्या शैलाश्रयांत हिंडले आणि कागद-कुंचला घेऊन चित्रांच्या प्रतिकृती करत राहिले. भिंतीवरची एखादी रेघ उद्या गेली, तरी ती कुठे आणि कशी होती, हे अशा नोंदींमुळे कळते. या विषयावरच पुणे विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. उज्जैनजवळच्या कायथ्याची ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीही त्यांनीच उजेडात आणली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. भीमबेटकाला जागतिक वारशाचा मान मिळाला तो २००३ मध्ये. तो पाहायला ते नव्हते.

भोपाळहून भीमबेटका साधारण ४५ किलोमीटरवर आहे. सुट्टीत मुलांना जरूर न्यावे, हरिभाऊंची गोष्ट सांगावी. आणि चित्रांना हात लावू नये, हे तिथे पोहोचण्याआधीच सांगून ठेवावे.