आपल्या खेडचे राजगुरू

नववीत आपण २३ मार्चला बसवलेले नाटक आठवते का? हवालदार चननसिंगाचे काम कुणालाच नको होते, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. पळत यायचे आणि गोळी लागून पडायचे, एवढेच. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, संसार. गेल्या वर्षी मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी राजगुरूंचे आयुष्य मी प्रथमच नीट वाचले.

शिवराम हरी राजगुरू २४ ऑगस्ट १९०८ रोजी आपल्या खेडला जन्मले. लहानपणीच वडील गेले. थोरले बंधू दिनकर यांनी सांभाळले. इंग्रजीच्या अभ्यासावरून भावाशी खटका उडाला आणि मुलगा घर सोडून गेला, असे आपल्याकडे सांगतात. काशीला ते संस्कृत शिकले आणि चंद्रशेखर आझादांच्या क्रांतिकारी संघटनेत शिरले. तिथे त्यांचे टोपणनाव रघुनाथ.

३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरला सायमन कमिशनविरोधी मोर्चावर लाठीमार झाला. त्यात जखमी झालेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबरला वारले. लाठीमार करवणारा पोलीस अधीक्षक स्कॉट याला मारायचे ठरले.

१७ डिसेंबरला पोलीस कचेरीसमोर जयगोपाल सायकल दुरुस्तीचे सोंग करून उभा होता. बाहेर आला तो स्कॉट नव्हे, साँडर्स. तरी इशारा झाला. पहिली गोळी राजगुरूंनी झाडली, मागोमाग भगतसिंगांनी. पाठलाग करणारा चननसिंग आझादांच्या गोळीने पडला. सगळे डोळ्यांनी पाहणारा जयगोपाल पुढे माफीचा साक्षीदार झाला आणि कोर्टात आपल्याच सोबत्यांविरुद्ध उभा राहिला.

भगतसिंग साहेबाच्या वेशात, दुर्गाभाभी त्यांची पत्नी म्हणून आणि राजगुरू नोकर बनून, असे तिघे लाहोरहून रेल्वेने निसटले. सप्टेंबर १९२९ मध्ये राजगुरू पुण्यात पकडले गेले. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग व सुखदेव यांच्यासोबत त्यांना लाहोर तुरुंगात फाशी झाली. वय अवघे बावीस.

माणूस ओळखण्यात झालेली चूक आपल्या नाटकात नव्हती. चननसिंगही आपल्यातलाच, नोकरी करणारा माणूस होता, हेही कुणी बोलले नव्हते. हे कळल्यावर राजगुरू माझ्या नजरेतून उतरले नाहीत. उलट पुतळ्यातला बावीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा दिसला. माझ्या ऑफिसात नव्याने लागणारी मुले याच वयाची असतात. चूक झाली तर एकमेकांकडे बोट दाखवतात. मीही दाखवले आहे. या मुलाने मात्र त्या दुपारची किंमत स्वतः मोजली.

मेळाव्याला मुलांना घेऊन येणार असाल, तर आपण सगळे मिळून भीमाकाठच्या वाड्यावर जाऊ. या वेळी गोष्ट पूर्ण सांगू, चननसिंगासकट.