एडिसन आणि विजेच्या धोक्याचे अर्धसत्य

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की शाळेच्या पुस्तकातला दिवा आठवतो. पण वीज माणसाचा जीव घेऊ शकते ही गोष्ट ज्यांनी अगदी सुरुवातीपासून मनावर घेतली, त्यांतही एडिसन होता. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचे वीजकेंद्र सुरू झाले. तेव्हा त्या शहरात तारायंत्र, टेलिफोन आणि रस्त्यावरचे प्रखर आर्क दिवे यांच्या तारांची जाळी खांबांवरून लोंबत असत. एडिसनने मात्र जादा खर्च सोसून आपल्या तारा जमिनीखाली पुरल्या, विजेचा दाब ११० व्होल्टच्या आसपास ठेवला आणि तारा तापून आग लागू नये म्हणून फ्यूजची योजना केली. ग्राहकाला दिसतही नाही अशा ठिकाणी घेतलेली ही काळजी होती.

या व्यवस्थेची एक अडचण होती. एकाच दिशेने वाहणारा त्याचा डीसी प्रवाह कमी दाबाने मैलभराच्या पलीकडे नीट पोचत नसे. १८८६ पासून जॉर्ज वेस्टिंगहाउसने एसी प्रवाह बाजारात आणला. हा प्रवाह मोठ्या दाबाने लांबवर नेता येई आणि घराजवळ ट्रान्सफॉर्मरने त्याचा दाब उतरवता येई. तांब्याच्या तारांचा खर्च वाचे. एडिसनचा धंदा धोक्यात आला आणि त्याची विजेबद्दलची जुनी, प्रामाणिक भीती याच सुमारास वेगळे वळण घेऊ लागली.

बफेलो शहरातला एक दंतवैद्य, आल्फ्रेड साउथविक, फाशीऐवजी विजेने मृत्युदंड द्यावा अशा मताचा होता. न्यूयॉर्क राज्याने नेमलेल्या समितीत तो होता. १८८७ मध्ये त्याने एडिसनचा सल्ला मागितला. आपण देहान्त शिक्षेच्याच विरोधात आहोत, असे कळवून एडिसनने पहिल्यांदा नकार दिला. साउथविकने पुन्हा लिहिले. डिसेंबरमध्ये गेलेल्या उत्तरात मात्र या कामाला एसी यंत्रे सर्वांत योग्य असल्याचा सल्ला होता, आणि यंत्रे बनवणारा म्हणून वेस्टिंगहाउसचे नावही होते. थोड्याच काळात तत्त्व बाजूला पडले आणि प्रतिस्पर्ध्याचे नाव पुढे आले.

१८८८ च्या उन्हाळ्यात हॅरॉल्ड ब्राउन नावाच्या विद्युत अभियंत्याने मोठ्या दाबाच्या एसीवर बंदी घालण्याची मागणी वर्तमानपत्रातून केली. एडिसनने त्याला वेस्ट ऑरेंजची आपली प्रयोगशाळा वापरू दिली, मदतीला आर्थर केनेली हा आपला हुशार सहकारीही दिला. तिथे कुत्र्यांवर प्रयोग झाले. जुलैत कोलंबिया कॉलेजमध्ये जाहीर प्रात्यक्षिक झाले. एका कुत्र्याला आधी डीसीचे झटके १,००० व्होल्टपर्यंत वाढवत दिले. तो तडफडला, पण जगला. मग एसीचा ३३० व्होल्टचा झटका दिला आणि तो मेला. आधीच अर्धमेल्या झालेल्या प्राण्यावर केलेल्या या तुलनेला काय अर्थ, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. (१९०३ मध्ये कोनी आयलंडला टॉप्सी हत्तिणीला विजेने मारले, ते मात्र एडिसनच्या माथी उगाच मारले जाते. त्याच्या कंपनीने त्याचे चित्रीकरण केले, पण त्याचा स्वतःचा त्यात हात नव्हता आणि एसी-डीसीचा झगडा तर कधीच संपला होता.)

एडिसनचे म्हणणे निखालस खोटे नव्हते, आणि खरी मेख इथेच आहे. झटका किती घातक ठरेल हे शरीरातून किती प्रवाह, कुठून आणि किती वेळ गेला यावर अवलंबून असते. सेकंदाला ५०-६० वेळा दिशा बदलणारा प्रवाह हृदयाची लय डीसीपेक्षा सहज बिघडवतो. मग हृदय रक्त ढकलत नाही, नुसते थरथरत राहते. प्रेव्हो आणि बात्तेली यांनी जिनिव्हात १८९९ मध्ये हे दाखवून दिले. आज घरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे उपकरण बसवतात, ते याच धोक्यासाठी. पण ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवून मगच एसी घरात येतो, आणि मोठ्या दाबाचा डीसीही तितकाच जीव घेतो, ही दुसरी बाजू एडिसन लोकांसमोर ठेवत नव्हता. ऑक्टोबर १८८९ मध्ये एक लाइनमन भर रस्त्यावर, गर्दीसमोर तारांत अडकून मेला. त्यानंतर एडिसनने लेख लिहिला. मोठ्या दाबाच्या तारा पुरून उपयोग नाही, धोका फक्त मॅनहोलमध्ये आणि घरांत शिरेल, म्हणून दाबावरच मर्यादा घाला, असा त्याचा युक्तिवाद होता. ती मर्यादा आली असती तर प्रतिस्पर्ध्याचा धंदाच बसला असता.

विल्यम केमलर या कैद्याच्या शिक्षेविरुद्धच्या सुनावणीत, जुलै १८८९ मध्ये, एडिसनने शपथेवर साक्ष दिली की विजेने मृत्यू तत्काळ येईल. शरीरशास्त्र हा त्याचा विषय नव्हता, पण नावाचे वजन मोठे होते. पुढच्याच महिन्यात ब्राउनच्या कचेरीतून चोरीला गेलेली पत्रे एका वर्तमानपत्रात छापून आली आणि एडिसनच्या कंपनीशी असलेले त्याचे साटेलोटे उघड झाले. तरी शिक्षा टळली नाही. ६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्न तुरुंगात केमलरला १७ सेकंद वीज दिली. तो मेल्याचे जाहीर झाले, आणि मग त्याचा श्वास चालू असल्याचे दिसले. पुन्हा वीज सोडावी लागली. खोलीत जळल्याचा वास पसरला.

१८९२ मध्ये कंपनीच्या विलीनीकरणातून जनरल इलेक्ट्रिक तयार झाली. नव्या कंपनीच्या नावात एडिसन उरला नाही, आणि तीही पुढे एसीच विकू लागली.

चार वर्षांनी नवा धोका एडिसनच्या स्वतःच्याच कार्यशाळेत आला. राँटगेनचे क्ष-किरण नुकतेच जाहीर झाले होते. १८९६ मध्ये एडिसनने कॅल्शियम टंगस्टेटचा पडदा वापरून फ्लुओरोस्कोप बनवला. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आपल्या हाताची हाडे पाहायला लोकांची रांग लागली. काचेचे काम करणारा त्याचा सहायक क्लॅरन्स डॅली नळ्या तपासताना स्वतःचाच हात किरणांत धरी. एक हात भाजला की दुसरा. डोळे चुरचुरणे, कातडी भाजणे या तक्रारी त्याच वर्षी कानावर येऊ लागल्या होत्या, तरी काम चालूच राहिले. डॅलीच्या हातांना कर्करोग झाला. बोटे आणि हात कापावे लागले. एडिसनने त्याचा पगार चालू ठेवला. स्वतःचा डोळाही बिघडल्यावर त्याने क्ष-किरणांचे काम कायमचे बंद केले आणि ते का, हे १९०३ मध्ये वर्तमानपत्राला उघड सांगितले. २ ऑक्टोबर १९०४ रोजी डॅली वारला. तो ३९ वर्षांचा होता. क्ष-किरणांमुळे झालेला अमेरिकेतला पहिला मृत्यू म्हणून तो साधारणपणे नोंदला जातो.

विद्युत अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या स्थापनेत, १८८४ मध्ये, एडिसनही होता. या संस्थेने आपली पहिली आचारसंहिता १९१२ मध्ये स्वीकारली. तिच्यात अभियंत्याचे पहिले व्यावसायिक कर्तव्य म्हणून ग्राहकाचे किंवा मालकाचे हित जपणे हेच लिहिलेले होते. लोकांच्या सुरक्षिततेला ते पहिले स्थान मिळायला आणखी काही दशके गेली. तोवर, १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वेस्ट ऑरेंजच्या आपल्या घरी एडिसनचे निधन झाले होते.