सावित्रीबाईंचे माहेर

सावित्रीबाई फुले म्हटले की पुण्याचा भिडेवाडा डोळ्यांपुढे येतो. अंगावर शेणाचे गोळे झेलत शाळेला जाणारी बाई दिसते. ती हकीकत आपण भगिनींनी पुष्कळदा ऐकली आहे. पण बाईंनाही माहेर होते आणि त्या तिथे जाऊन राहत, ही गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. मला तर त्यांच्या पत्रांतला तोच भाग जास्त जवळचा वाटला.

माहेर म्हणजे सातारा जिल्ह्यातले नायगाव. खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी त्या जन्मल्या. १८४० साली, नवव्या वर्षी, लग्न होऊन पुण्यास गेल्या. जोतिराव तेव्हा तेरा वर्षांचे. लिहायला वाचायला त्या सासरी आल्यावर शिकल्या. १८४८ साली मुलींची शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले. अठराव्या वर्षी सासरचे घर सुटले, म्हणजे उरले ते माहेर.

१८५६ साली त्या फार आजारी पडल्या आणि नायगावी गेल्या. भावाने सेवेत काही कमी केले नाही. पण बहिणीला जरा बरे वाटू लागल्यावर त्याने मनातले बोलून दाखविले. महारामांगांना शिकविता म्हणून लोकांनी तुम्हाला वाळीत टाकले ते बरोबरच केले, आता तरी जातीच्या चालीने वागा, असा त्याचा रोख होता. आईला ते बोलणे लागले.

आता माहेरी भावाने चार शब्द सुनावले तर आपण काय करतो, ते तुम्हा आम्हाला ठाऊक आहेच. मान खाली घालून भाकरी थापत राहतो, कारण उद्या पुन्हा त्याच उंबऱ्यावर यायचे असते. माहेरी बोलून जिंकू नये, असे माझी आई सांगे. आणि ही बाई तर भावाच्याच सेवेने अंथरुणातून उठलेली! तरी तिने त्याला उत्तर दिले. तू गाईशेळ्या कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसांचाच विटाळ का, असे विचारले. भाऊ प्रेमळ आहे पण त्याची बुद्धी कोती आहे, हेही त्यांनी जोतिरावांना स्पष्ट कळविले. आईने मात्र लेकीचे कौतुक केले. ते वाचून मला फार बरे वाटले.

इतके होऊनही माहेर तुटले नाही. १८६८ साली त्या पुन्हा नायगावी होत्या. तेव्हा गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचे प्रेम जमले होते. मुलीला सहावा महिना होता. लोकांनी दोघांना मारीत मारीत गावातून फिरविले; जीवच घेणार होते. कळताच बाई धावत गेल्या. इंग्रजी कायद्याने काय शिक्षा होईल, त्याचे भय घालून त्यांनी लोकांना थांबविले. हे लोक परके नव्हते, माहेरच्याच गावचे होते. परक्यांपुढे उभे राहणे त्या मानाने सोपे असते. दोघांनी गाव सोडावे असे ठरले, तेव्हा बाईंनी त्यांना पुण्यास जोतिरावांकडे धाडून दिले. शारजाचे पोट दिसत असता गावाने तिला तसे फिरविले, हे वाचताना मला पान मिटून ठेवावे लागले.

पुढचे आपणांस माहीत आहे. दुष्काळातले काम, यशवंताला दत्तक घेणे, १८९० साली जोतिरावांचा मृत्यू. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना त्यांनाच तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

नायगावचे ते घर दुरुस्त करून जपून ठेवलेले आहे. गाव शिरवळच्या जवळच आहे. ३ जानेवारीला तिथे फार गर्दी असते. घर निवांत पाहायचे असेल तर आडदिवशी जावे.