‘सी’ ड्राइव्हमागचा विस्मृत माणूस : गॅरी किल्डॉल

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि असंख्य घरांतील संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घेण्याची वेळ आली. नवी आवृत्ती आली की पडद्याचे रूप पालटते, सवयीची बटणे जागा बदलतात, एखादा जुना प्रिंटर रुसून बसतो. तरीही घरातील माणसे सर्वप्रथम पाहतात ते एवढेच, की मुलांची छायाचित्रे, हिशेबाची पत्रके आणि जुना पत्रव्यवहार जागच्या जागी आहे ना. बहुतेक वेळा हे सारे ‘सी’ ड्राइव्हमध्ये सुखरूप सापडते आणि जुने प्रोग्रॅमही पूर्ववत चालू होतात. यंत्र बदलले, प्रणाली बदलली, तरी माणसाचे काम टिकावे ही सोय आपोआप आलेली नाही. घरगुती संगणकाच्या उदयकाळी तिचा पाया घालणाऱ्यांत अग्रभागी होते अमेरिकेतील गॅरी किल्डॉल.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी सिएटल येथे झाला. दर्यावर्दींना नौकानयनाचे शास्त्र शिकवणारी शाळा त्यांच्या कुटुंबाच्या मालकीची होती आणि तरुणपणी त्यांनीही तेथे शिकवले. पुढे गणिताचे शिक्षक व्हावे या इराद्याने ते वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाले. पण तेथे संगणकाची ओढ लागली आणि १९७२ मध्ये त्याच विषयात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. दरम्यान नौदलाच्या सेवेचा भाग म्हणून ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापक झाले. शिकवण्याची ही आवड त्यांच्या स्वभावातून कधीच गेली नाही.

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये ‘४००४’ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. वाहतूक दिवे किंवा तत्सम उपकरणांच्या नियंत्रणासाठीच अशा चिपचा उपयोग, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. किल्डॉल यांना मात्र त्यात पूर्ण संगणक दिसला. ते इंटेलचे सल्लागार झाले आणि १९७३ मध्ये त्यांनी इंटेलच्या ‘८००८’ या चिपसाठी ‘पीएल/एम’ ही संगणकभाषा तयार केली. त्यानंतर त्यांनी एक फ्लॉपी डिस्क ड्राइव्ह मिळवला. पण तो संगणकाला जोडणारे मंडल त्यांना स्वतःला जमेना. जॉन टोरोड या त्यांच्या मित्राने ते बनवून दिले, तेव्हा १९७४ मध्ये किल्डॉल यांची ‘सीपी/एम’ ही प्रणाली कार्यान्वित झाली. डिस्कवरील फाइली ओळखणे, उघडणे आणि जपून ठेवणे हे तिचे मुख्य काम. इंटेलने ‘पीएल/एम’ घेतली, ‘सीपी/एम’ मात्र नाकारली.

मग किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या गावी स्वतःची कंपनी काढली. पुढे ती ‘डिजिटल रिसर्च’ या नावाने ओळखली गेली. तांत्रिक काम गॅरी पाहत, तर व्यवहार डोरोथी सांभाळत. त्या काळी प्रत्येक कारखानदाराचा संगणक निराळा, प्रत्येकाचा डिस्क ड्राइव्ह निराळा. दर नव्या यंत्रासाठी प्रणाली पुन्हा लिहावी लागे. इम्साय या कंपनीच्या संगणकासाठी तेच काम करण्याची वेळ आली, तेव्हा किल्डॉल यांनी प्रणालीचे दोन भाग केले. यंत्रागणिक बदलणारा सारा मजकूर त्यांनी एका लहान भागात एकवटला आणि त्याला ‘बायोस’ हे नाव दिले. उरलेला मोठा भाग सर्व संगणकांवर तसाच राहू लागला. घरात चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली तरी भांडी आणि पाककृती त्याच राहाव्यात, तसा हा प्रकार होता.

या विभागणीचे परिणाम दूरगामी ठरले. कारखानदाराने आपल्या यंत्रापुरता ‘बायोस’ लिहिला की ‘सीपी/एम’ त्यावर चालू लागे आणि तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅमही चालत. ‘वर्डस्टार’ हा लेखनाचा आणि ‘डीबेस’ हा माहिती नोंदवण्याचा प्रोग्रॅम याच प्रणालीच्या आधारे घरोघरी आणि लहान कचेऱ्यांत पोहोचला. १९८१ च्या सुमारास ‘सीपी/एम’ सुमारे ३,००० प्रकारच्या संगणकांवर चालत होती. यंत्र बदलणाऱ्याला आपले काम मागे टाकून जावे लागत नाही, हा अनुभव सामान्य ग्राहकाला मिळू लागला होता.

१९८० मध्ये आयबीएमने व्यक्तिगत संगणक काढण्याचे ठरवले आणि त्यासाठी प्रणालीचा शोध सुरू केला. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवले. आयबीएमचे अधिकारी आले त्या दिवशी किल्डॉल आपल्या विमानाने एका ग्राहकाकडे आधी ठरलेल्या कामासाठी गेले होते. आयबीएमने पुढे केलेल्या गोपनीयतेच्या करारावर सही करण्यास डोरोथी आणि कंपनीचे वकील कचरले. किल्डॉल दुपारी परतले, बोलणीही झाली. पण करार जुळला नाही. लाखमोलाची संधी सोडून हौसेखातर विमान उडवणारा माणूस, ही दंतकथा पुढे त्यांना आयुष्यभर चिकटली.

इकडे सिएटलमध्ये टिम पॅटरसन या अभियंत्याने इंटेलच्या नव्या १६ बिटांच्या चिपसाठी एक प्रणाली लिहिली होती. ‘सीपी/एम’वरील प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून तिची प्रोग्रॅमशी संवाद साधण्याची रीत त्यांनी ‘सीपी/एम’सारखीच ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने तिचे हक्क विकत घेतले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या संगणकाबरोबर ती ‘पीसी डॉस’ म्हणून जाहीर झाली. जुने काम नव्या यंत्रावर नेण्याची जी वाट किल्डॉल यांनी तयार केली, त्याच वाटेने त्यांचा प्रतिस्पर्धी आत आला. किल्डॉल यांनी आक्षेप घेतल्यावर आयबीएमने त्यांची ‘सीपी/एम-८६’ देखील विकण्याचे मान्य केले. मात्र ती १९८२ मध्ये आली, तेव्हा तिची किंमत २४० डॉलर होती आणि डॉसची अवघी ४० डॉलर. ग्राहकाने कोणती घेतली असेल, हे सांगायला नको.

पराभवानंतरही किल्डॉल थांबले नाहीत. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रणाली, चित्रांच्या आधारे चालणारा ‘जेम’ हा पडदा, ‘डीआर डॉस’ अशी अनेक उत्पादने त्यांच्या कंपनीतून बाहेर पडली. १९८५ मध्ये ग्रोलियर ज्ञानकोश सीडीवर आणण्याच्या कामात त्यांचा पुढाकार होता. ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सहसूत्रधार म्हणून त्यांनी १९८३ पासून अनेक वर्षे सामान्य प्रेक्षकाला संगणक समजावून सांगितला. त्यांच्यातील शिक्षक तेथे खुलत असे. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीने विकत घेतली.

पैशाची ददात नव्हती. सल होता तो ओळख हिरावली गेल्याचा. डोरोथींशी झालेले लग्न मोडले होते आणि अखेरच्या वर्षांत मद्याचे व्यसनही जडले होते. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाने आपल्या वर्धापन सोहळ्याचे त्यांना निमंत्रण दिले. ते या विभागाचे डॉक्टरेटधारक विद्यार्थी. पण प्रमुख वक्ते म्हणून बोलावले होते गेट्स यांना. हे त्यांच्या जिव्हारी लागले. त्यानंतर त्यांनी आठवणी लिहून काढल्या, त्या मोजक्या मित्रांपुरत्याच राहिल्या. मॉन्टेरे येथील एका मद्यगृहात डोक्याला दुखापत झाल्यानंतर ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचा काही भाग २०१६ मध्ये जगासमोर आला. त्याआधी २०१४ मध्ये, पॅसिफिक ग्रोव्ह येथे त्यांच्या कार्याची नोंद करणारा फलक विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बसवला.

ड्राइव्हला अक्षराने ओळखण्याची पद्धत व्यक्तिगत संगणकांवर रूढ केली ती ‘सीपी/एम’ने. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे पुढे फ्लॉपीसाठी राखीव झाली आणि हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आले. फ्लॉपी घरांतून केव्हाच नाहीशी झाली. तरीही आज नवी आवृत्ती चढवून संगणक सुरू केला, की ड्राइव्हची यादी ‘सी’पासूनच सुरू होते. आधीच्या दोन अक्षरांची जागा अजून रिकामीच आहे.