अंधारातला आवाज आणि एडिसन

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की आपल्याला विजेचा दिवा आठवतो. आवाजाच्या इतिहासातील त्यांची कहाणी मात्र अधिक विलक्षण आहे. ध्वनिमुद्रणाचा हा जनक जवळजवळ बहिरा होता.

११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मिलान या गावी त्यांचा जन्म झाला. ऐकू कमी येण्याची व्यथा लहानपणापासूनची. १८७७ मध्ये कथिलाचा पातळ वर्ख गुंडाळलेल्या नळकांड्यावर त्यांनी माणसाचा आवाज उमटवला आणि तो पुन्हा ऐकवलाही. पुढे १९१२ मध्ये त्यांची ‘डायमंड डिस्क’ बाजारात आली. हिऱ्याच्या सुईने वाजणारी ही तबकडी जाडजूड होती आणि एडिसनच्याच यंत्रावर नीट वाजे. कोणते गाणे प्रसिद्ध करायचे, हे ठरवताना यंत्राच्या लाकडी पेटीत दात रोवून ते कंप अनुभवत. गायकांच्या आवाजातील थरथर त्यांना खपत नसे, मग गायक कितीही नामांकित असो.

१९१५ पासून त्यांच्या कंपनीने ‘टोन टेस्ट’ नावाचे हजारो जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर यंत्राशेजारी गायिका उभी राही, मध्येच थांबे आणि तबकडी गाणे पुढे नेई. मग दिवे मालवले जात. पुन्हा उजेड झाला की गायिका केव्हाच निघून गेलेली असे! १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड यांच्यासह असाच प्रयोग झाला. अस्सल आणि नक्कल यांत फरक कळत नाही, अशी श्रोत्यांची खात्री पटे.

याला चाचणी म्हणणे मात्र कठीण आहे. श्रोत्यांचे डोळे झाकले, तरी त्यांच्या मनात काय भरवायचे ते आधीच ठरलेले होते. खऱ्या अंध चाचणीत क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तो ऐकणाऱ्याला आणि चाचणी घेणाऱ्यालाही ठाऊक नसतो. उत्तरे लिहून घेतली जातात, चुका मोजल्या जातात. इथे यंत्र, गाणे, गायिका सारे कंपनीचे, आणि मोजणी कुठेच नाही. शिवाय अ‍ॅना केस या गायिकेने उतारवयात सांगितले की, यंत्राशी जुळावा म्हणून ती आपला आवाज आवरून गात असे. म्हणजे नक्कल अस्सलापर्यंत पोहोचली नव्हती, अस्सलच खाली उतरले होते. महागड्या तारा आणि स्पीकरांवरून आज वाद घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१९२५ मध्ये इतर कंपन्यांनी मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू केले. जुन्या तबकड्यांतून गळालेले खर्ज आणि वरचे बारीक स्वर आता ऐकू येऊ लागले. दहा वर्षांपूर्वी सभागृहात बसलेल्यांना ते गळाल्याचे जाणवलेच नव्हते. टोन टेस्ट त्याच वर्षाच्या सुमारास बंद पडल्या. एडिसनच्या कंपनीने विजेवरचे ध्वनिमुद्रण स्वीकारायला १९२७ उजाडले, आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये तिने तबकड्यांचा धंदाच गुंडाळला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, न्यू जर्सीतील आपल्या घरी एडिसन यांचे निधन झाले.